छापील किंमत

न्यू जर्सीत राहून टूथपेस्ट पूर्ण किमतीला विकत घेणारा माणूस अण्णांच्या लेखी एक तर परवाच विमानातून उतरलेला असतो, नाहीतर कायमचा वाया गेलेला. पहिल्या प्रकारच्या माणसाला ते स्वतःच्या गाडीत घालून दुकानात नेतात. दुसऱ्याशी फक्त हवामानावर बोलतात.

अण्णा गरीब नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. एडिसनमधल्या घराचं कर्ज कधीच फिटलंय, मुलगी सिॲटलला आणि मुलगा ऑस्टिनला मार्गी लागलेत, टेलिफोन कंपनीत काढलेल्या उभ्या हयातीचं पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होतं. कंजूष म्हणावं तर तसेही नाहीत. गणपतीत त्यांच्याकडे शंभरेक पान उठतं, मराठी मंडळाची देणगी देताना हात आखडत नाही, आणि हॉटेलात बिल टेबलावर आलं की सगळ्यांत आधी त्यांचाच हात पुढे जातो. त्या हातात त्याच हॉटेलचं कूपन असतं, एवढंच.

कवडीचुंबकाला खर्च करणंच जिवावर येतं. अण्णांना खर्चाचं काही वाटत नाही. लेबलावरचा आकडा जसाच्या तसा मोजून देणं, हे त्यांच्या जिवावर येतं. तो आकडा गाफील माणसांसाठी छापलेला असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. आपली गणना गाफिलांत व्हावी हे त्यांना खपत नाही.

मूळ शोधायला गेलं तर ते डोंबिवलीत सापडतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली, पुढे तिचे संघ डोंबिवलीपर्यंत आले, आणि अण्णांच्या आई त्यातल्या एका संघात उत्साहाने शिरल्या. महिन्याची यादी भरायची, पैसे आधी भरायचे, सगळ्या घरांचं सामान एका घरी उतरायचं आणि बायकांनी मिळून ते वाटून घ्यायचं. पिशव्या उचलायला अर्थातच अण्णा. वाण्याचा भाव काय, संघाचा काय, आणि किलोमागे सुटले किती, हे आई जिना चढता चढता तोंडी सांगत. तो हिशोब अण्णांच्या अंगात मुरला. एक गोष्ट मात्र त्यांना तेव्हाही खटकायची: संघात सगळ्यांना एकच भाव. आपल्या आईने सर्वांत जास्त डोकं चालवायचं आणि समोरच्या बिऱ्हाडालाही तूरडाळ त्याच दराने, हे काही त्यांना पटत नसे. अमेरिकेत आल्यावर, एकाच रांगेत एकामागे एक उभ्या असलेल्या दोघांना एकच शाम्पू वेगवेगळ्या भावाने मिळू शकतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आपण योग्य देशात आलो अशी त्यांची खात्री पटली.

आता यासाठी ड्रगस्टोअरच, म्हणजे औषधांचं दुकानच का, किराणा दुकान का नाही? अण्णांना हे विचारलं की ते विचारणाऱ्याकडे कौतुकाने बघतात, कारण प्रश्न बरोबर असतो. सीव्हीएस घ्या, वॉलग्रीन्स घ्या. औषधांचा काउंटर दुकानाच्या पार मागच्या टोकाला असतो. तिथवर जाताना शाम्पू, साबण, वेफर्स, भेटकार्डं, नेलपॉलिश आणि खोकल्याच्या गोळ्या यांच्यामधून वाट काढावी लागते. या पुढच्या भागातल्या वस्तूंचा एरवीचा भाव वॉलमार्टपेक्षा चांगलाच चढा. "जिथं भाव चढा, तिथंच तो पाडायला जागा," अण्णा म्हणतात. त्या मागच्या काउंटरवरून औषध त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या विमा कंपनीकडून नव्वद दिवसांच्या एकदम, टपालाने घरी येतात. एवढ्या वर्षांत त्या मागच्या काउंटरपर्यंत ते गेले असतील तर फ्लूची लस टोचून घ्यायला. तीही, लस घेतली की खरेदीचं कूपन मिळतं असं कळलं म्हणून.

पद्धत समजून घ्यायला हवी, नाहीतर अण्णांचं मोठेपण कळणार नाही. वस्तू बनवणारी कंपनी एक कूपन काढते. दुकान स्वतःचं दुसरं कूपन काढतं. वर दुकानाच्या सभासदांना बक्षिसी असते: सीव्हीएसमध्ये तिला एक्स्ट्राबक्स म्हणतात, वॉलग्रीन्समध्ये वॉलग्रीन्स कॅश. साध्या खरेदीवर एकाकडे दोन टक्के परत, दुसऱ्याकडे एक टक्का, आणि घरच्या छापाच्या मालावर पाच. पण टक्क्यांवर जगतो तो साधा गिऱ्हाईक. खरी कमाई 'अमुक दोन घ्या, तमुक डॉलर परत' असल्या आठवड्याच्या योजनांत असते. हे तिन्ही एकाच वस्तूवर एकावर एक चढवता येतात, आणि कायद्याने येतात. अण्णा याला थर लावणं म्हणतात, आणि दहीहंडीसारखाच इथंही सगळा भरवसा खालच्या थरावर असतो: मुळात वस्तू सेलवर असली पाहिजे.

आठवडा रविवारी सुरू होतो. आठच्या सुमाराला, दुकानात झोपाळू कर्मचारी पिवळ्या चिठ्ठ्या लावत असताना, अण्णा काखेत फाइल मारून हजर. ही फाइल भात्यासारखी उघडते आणि तिच्या कप्प्यांवर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत: तोंड, केस, कपडे, पोट, इतर. 'इतर'मध्ये दाढीपासून डासांपर्यंत सगळं येतं.

दाराशी लाल यंत्र असतं. त्याच्यापुढे कार्ड धरलं की ते कूपनं ओकतं. अण्णा तिथं मिनिटभर थांबतात, ओकून संपलं तरी आणखी थोडं थांबतात. मग रांगेत. रांगेत मागे कोणी उभं राहिलं की "यू गो अहेड, प्लीज" म्हणून त्याला पुढे सोडतात. शेजाऱ्यांना हे सौजन्य वाटतं. खरं कारण असं की काउंटरवर आपल्यामागे सुस्कारे टाकणारं कोणी नको. लक्ष विचलित होतं.

एका रविवारी मी बरोबर होतो. दोन टूथपेस्ट, एकेक ३.९९ ला. झाले ७.९८. योजना अशी की दोन घेतल्या तर पाच एक्स्ट्राबक्स परत. अण्णांनी आधी फोन नंबर सांगितला, इतक्या हळू आणि स्पष्ट की एखाद्याला गोत्र सांगावं. मग 'तोंड' कप्प्यातून कंपनीची दोन कूपनं काढली, एकेक डॉलरची. राहिले ५.९८. मग खिशातून मागच्या आठवड्याचे पाच बक्स, घडी न पडलेले. राहिले ९८ सेंट. ते त्यांनी सुट्या नाण्यांत दिले. पावती बाहेर यायला लागली आणि तिच्या शेपटाशी नवे पाच बक्स आले. अण्णांनी पावती फाडली, घडी केली, छातीजवळच्या खिशात ठेवली आणि दाराबाहेर पडेपर्यंत चेहरा हलू दिला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अठ्ठ्याण्णव सेंटांत दोन टूथपेस्ट आणि वर पाच डॉलर. अरे, हे आपल्याला विकतायत की आपल्याला पोसतायत?"

वहिनींनी घरी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने काढला. "पण ते पाच मागच्या रविवारी तुमचेच होते ना?"

"होते. म्हणून तर परत आणले."

"मग फायदा कुठे झाला?"

"टूथपेस्ट!"

"त्या कोणाला हव्या होत्या?"

इथं अण्णा वर्तमानपत्र वर करतात.

खरं सांगायचं तर ९८ सेंट हा आकडा पुरा नाही. वर टॅक्स लागला, आणि टॅक्स हा अण्णांचा दुखरा दात आहे. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. दुकानाने स्वतःहून भाव कमी केला तर कर उतरलेल्या भावावर. पण कंपनीच्या कूपनाचे पैसे दुकानाला कंपनीकडून मागाहून मिळतात, म्हणून तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीत धरूनच सरकार कर लावतं. थोडक्यात, टूथपेस्ट फुकट मिळाली तरी तिचा कर भरावा लागतो. "जी गोष्ट मी विकत घेतलीच नाही तिच्यावर विक्रीकर!" अण्णांचा राजकारणाशी एवढाच संबंध आहे, पण तो तीव्र आहे. टूथपेस्ट, शाम्पू, साबण यांवर कर आहे. तापाच्या गोळ्यांवर नाही. टॉयलेट पेपरवर नाही. ही यादी त्यांना पाठ आहे, आणि त्यामुळे टॉयलेट पेपरबद्दल त्यांच्या मनात विशेष आदर आहे.

पावतीचं एक सांगायचं राहिलं. सीव्हीएसच्या पावत्यांची लांबी हा अमेरिकेतला राष्ट्रीय विनोद आहे. हॅलोविनला लोक गळ्यापासून पायापर्यंत पावती होऊन हिंडतात. दोन वस्तू घेतल्या तरी कमरेइतका कागद बाहेर येतो, कारण खालचा सगळा मजकूर पुढच्या कूपनांचा. प्रत्येकाखाली शेवटची तारीख. दहा दिवस, दोन आठवडे, कधी तर परवापर्यंतच. दुकानाला अण्णांनी परत यायला हवं असतं. अण्णांना वाटतं, आपण दुकानाला लुटायला परत चाललोय. या व्यवहारात दोन्ही बाजू समाधानी आहेत आणि गाडी घराबाहेर बर्फात उभी आहे.

ती बाहेर का, तर गराजमध्ये जागा नाही. एका भिंतीला कपडे धुण्याचा साबण, दुसऱ्या भिंतीला शाम्पू आणि कंडिशनर, मध्ये टूथपेस्टची चवड, वर रेझर. जमिनीवर खोक्यांमध्ये अशा वस्तू की ज्या अण्णांनी घेतल्या कारण त्या घेतल्यावर पैसे जाण्याऐवजी उलट मिळत होते: कवळीची डिंकासारखी पेस्ट (अण्णांचे दात शाबूत आहेत), मांजराचं खाणं (मांजर नाही), केसांचा सोनेरी रंग (अण्णांना केसच नाहीत). मांजराचं खाणं शेजारच्या पोर्तुगीज आजींकडे जातं. सोनेरी रंग अजून आहे.

आणि एवढ्या टूथपेस्टच्या राशीशेजारी राहणारे हे नवरा-बायको दात घासतात विको वज्रदंतीने. ती ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून, पूर्ण किमतीला, वहिनी आणतात. अण्णांना तिच्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. हा विषय मी एकदाच काढला. "ती औषध आहे," अण्णा म्हणाले, आणि संभाषण हवामानाकडे वळलं.

नव्याने आलेल्या जोडप्यांना अण्णा हे सगळं वाटतात. कोणी भाड्याचं घर घेतलं की दुसऱ्या दिवशी दारात खोकं येतं: साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डिओडरंट, बॅन्डेज. पहिल्यांदा परदेशात घर मांडणाऱ्या पोरीला त्या खोक्याचं केवढं मोल वाटतं, ते मी पाहिलंय. मात्र खोक्यात प्रत्येक वस्तूबरोबर अण्णांची तोंडी टीप असते. "हा शाम्पू आठचा. पडला किती, सांग?" उत्तर नेहमी 'शून्य' हेच द्यायचं असतं. एका डोहाळजेवणाला त्यांनी चार नंबरच्या डायपरचे आठ पुडे दिले. त्या मापाचा डायपर मूल चालायला लागल्यावर लागतो. "वापरशील तेव्हा आठवण काढशील," ते म्हणाले. काढली.

मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी एकदा सरळ विचारलं, "अण्णा, कॉस्टकोत हेच सगळं स्वस्त मिळतं. एवढा खटाटोप कशाला?"

अण्णांनी दुःखी नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "कॉस्टकोत सगळ्यांनाच स्वस्त मिळतं," ते म्हणाले. "त्यात काय?"

या वाक्यात अण्णा पूर्ण आहेत. स्वस्ताईचं त्यांना अप्रूप नाही. शेजारच्याला महाग पडलेल्या स्वस्ताईचं आहे. म्हणून तर त्यांना आपली विद्या शिकवायला आवडतं, पण पूर्ण शिकवायला आवडत नाही. दोन थर सांगतात, तिसरा राखून ठेवतात.

विद्येचा इतिहास मात्र ते मोकळ्या हाताने सांगतात. कोका-कोलाने १८८७ साली एका फुकट ग्लासाचं कूपन काढलं, ही त्यांच्या लेखी अमेरिकेच्या इतिहासातली दुसरी महत्त्वाची तारीख, पहिली १७७६. कूपनवरचा बारीक मजकूर ते भिंगाने वाचतात. तिथं लिहिलेलं असतं की या कागदाची रोख किंमत एक शतांश सेंट. जुन्या काळी काही राज्यांत अशा कागदांना रोख किंमत असलीच पाहिजे असे कायदे होते, त्याची ही खूण. आपण सगळे ते वाचून सोडून देतो, किंबहुना वाचतच नाही. अण्णांनी मुदत संपलेली शंभर कूपनं रबरबँडात बांधून एका काउंटरवर ठेवली आणि एक सेंट मागितला. काउंटरवरचा पोरगा कॉलेजातला होता. त्याने स्वतःच्या खिशातून एक सेंट दिला. अण्णांनी तो घेतला नाही. "तुझा नको. त्यांचा हवा."

आपल्या पंथातल्या इतरांबद्दल त्यांची मतं कडक आहेत. २०१० नंतर टीव्हीवर 'एक्स्ट्रीम कूपनिंग' नावाचा कार्यक्रम गाजला. बायका ढकलगाड्या भरभरून सामान न्यायच्या आणि शेकडो डॉलरचं बिल चिल्लरीत भागवायच्या. अण्णांनी तो पाहिला आणि सुतकी चेहऱ्याने बंद केला. "बिंग फोडलं यांनी. आता दुकानं शहाणी होणार." झालीही, जिकडेतिकडे 'एका कार्डावर एकच' अशा मर्यादा आल्या. त्यावर अण्णांकडे त्यांचं कार्ड आहे, वहिनींचं आहे आणि सिॲटलच्या मुलीच्या जुन्या नंबरचं आहे. मुलीचं बिऱ्हाड वेगळं आहे, त्यामुळे हे नियमात बसतं, असा त्यांचा अर्थ. पण खोटेपणाचं नाव काढलं की ते भडकतात. व्हर्जिनिया बीचमधल्या एका बाईने घरच्या संगणकावर नकली कूपनं बनवून विकली, दुकानांना आणि कंपन्यांना तीन कोटींहून अधिक डॉलरचा फटका बसला आणि २०२१ साली तिला बारा वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी अण्णांनी आम्हाला जेवणाच्या पानावर सांगितली. वर म्हणाले, "कूपन कापायचं असतं, छापायचं नसतं." आणि कोशिंबीर वाढून घेतली.

त्यांच्या कीर्तीचा कळस मार्च २०२० मध्ये झाला. आठवतंय ना, अमेरिकेतला टॉयलेट पेपर दोन-तीन दिवसांत नाहीसा झाला होता. फळ्या रिकाम्या, माणसं पहाटेपासून रांगेत, आयटीतली कमावती पोरं एकमेकांना फोन करून रोल मागतायत. आणि एडिसनच्या एका गराजमध्ये, साबणाच्या भिंतीमागे, छतापर्यंत टॉयलेट पेपर. बातमी फुटली. ड्राइव्हवेवर खडूने सहा-सहा फुटांवर रेघा मारून अण्णा दारात टेबल टाकून बसले, नाकावर वहिनींनी शिवलेला मास्क. घरटी दोन रोल. पैसे घेतले नाहीत. "घरटी दोन" यावर मात्र ठाम; ज्यांच्याकडे चार माणसं आहेत त्यांनाही दोनच. उशिरा आलेल्यांना दुकानासारखा रेन चेक लिहून दिला: अमुक नावाला दोन रोल देणे आहेत, तारीख, सही. आमच्या ओळखीच्या एका घरात तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे. त्यांनी तो वटवलाच नाही. अण्णांना ते आवडत नाही. वटवायचं राहिलेलं कूपन बघितलं की ते अस्वस्थ होतात.

त्यानंतरचा काळ तितकासा बरा नाही. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर येणारी कूपनांची पुरवणी बारीक होत गेली. अण्णा रविवारचा 'स्टार-लेजर' वर्षानुवर्षं जास्तीच्या प्रतींसकट घ्यायचे. २ फेब्रुवारी २०२५ ला त्याचा छापील अंक बंद झाला. मंडळातल्या वयस्क माणसांनी पत्रकारितेबद्दल हळहळ व्यक्त केली. अण्णांनीही केली. "आतला पेपर तर मी वाचायचोसुद्धा कधी कधी," ते म्हणाले. मग राइट एड, तीही ड्रगस्टोअरचीच साखळी. २०२३ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरीचा पहिला अर्ज, मे २०२५ मध्ये दुसरा, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शेवटची दुकानंही बंद. कर्जाचा डोंगर आणि ओपिऑइड गोळ्यांवरून झालेले दावे अशी कारणं सगळीकडे छापून आली. मंडळात मात्र निराळंच निदान होतं. "अण्णा, तुम्हीच बुडवलंत त्यांना," कोणीतरी म्हणालं. अण्णा लाजले. हे बोलणं त्यांनी मनावर घेतलं नाही, पण मनात ठेवलं, असं दिसलं.

आता कूपनं फोनवर. 'सेंड टू कार्ड' असं बटण दाबायचं, कापायला काही नाही. मुलीने फोन लावून दिला तेव्हा अण्णांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. मग एका रात्री वहिनींना जाग आली तर पलंगाच्या कडेला उजेड. अण्णा दाबत होते. बटण दाबायला पैसे पडत नाहीत म्हणून त्यांनी पावणेदोनशे कूपनं दाबली होती. त्यांत मासिक पाळीच्या पॅडचं होतं, लिपस्टिकचं होतं आणि सोनेरी केसांच्या रंगाचंही होतं. फाइल मात्र अजून बरोबर असते. रिकामी असली तरी काखेत काही नसताना दुकानात शिरणं त्यांना उघड्याने फिरल्यासारखं वाटतं.

दर दोन वर्षांनी नेवार्कहून मुंबईला विमान. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, आणि त्यांतलं निम्मं वजन फुकटचं. डोंबिवलीत पोचल्यावर पुतण्याच्या दिवाणखान्यात बॅगा उघडतात आणि वाटप होतं. "काका, कोलगेट?" पुतण्याची बायको म्हणते. "कोलगेट खाली मिळतं की हो. दहा मिनिटांत घरी येतं."

"हे शून्यातलं आहे," अण्णा म्हणतात.

खालच्या केमिस्टकडे ते एकदा खोकल्याचं औषध आणायला गेले. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. कर आतच, हे पाहून त्यांना बरं वाटलं. मग ते सरसावले. घसा साफ केला. तेवढ्यात केमिस्ट म्हणाला, "काका, दहा टक्के कमी करूनच लावलंय." ना कूपन, ना कार्ड, ना थर. न मागता. अण्णांनी पैसे दिले आणि खाली मान घालून परत आले. आल्यावर पुतण्याने त्यांच्या समाधानासाठी फोनवरचं स्क्रॅच कार्ड खरवडायला दिलं. तीन रुपये निघाले. अण्णांचा चेहरा उजळला. उरलेल्या सुट्टीत घरातल्या कोणालाही स्वतःचं कार्ड स्वतः खरवडता आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णांना ताप आला. एकशे दोन. रात्री दहाला वहिनी गराजमध्ये गेल्या. तापाच्या गोळ्यांच्या बाटल्या तिथं फळीभर. पहिली उचलली, तारीख उलटून गेलेली. दुसरी, तीच गत. सगळ्या एकाच सेलमधल्या. कूपनाची तारीख अण्णांनी जन्मात कधी उलटू दिली नव्हती. बाटलीवरची कोणी बघितलीच नव्हती. वहिनींनी बर्फ खरवडून गाडी काढली, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गेल्या, एक टायलेनॉल उचलली, पैसे दिले आणि परत आल्या. ही हकिगत मला त्यांनीच सांगितली, तीही दोनदा.

अण्णांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. मग डोळे मिटूनच विचारलं, "केवढ्याला?"

"बारा एकोणपन्नास."

बराच वेळ काही नाही. मग, "टॅक्स?"

"नाही लागला."

"नंबर दिलास ना?"

"दिला हो, दिला."

"पावती कुठाय?"

वहिनींनी पर्समधून काढून दिली. पांघरुणावर ती पायांपर्यंत उलगडली. अण्णांनी चष्मा मागितला, दिवा लावायला सांगितला आणि शेपटापासून वर वाचत आले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"चाळीस टक्के. एका वस्तूवर. उद्या रात्रीपर्यंतच आहे."

"असू दे. झोपा आता. काय आणायचंय तुम्हाला उद्या?"

"टायलेनॉल," अण्णा म्हणाले. "गराजमधल्या सगळ्या बाद झाल्यात ना?"